नवमीला अर्धवट राहिलेला गेम

मायनं कॉम्प्युटर बंद केला त्यात तिची काही चूक होती, असं मी आजही म्हणणार नाही. नवरात्रातल्या नवमीला आमच्यात हत्यारं पुजतात. आम्ही फुलवाले. शेत दर्यापूर रोडवर, तिथं माय आणि मोठा भाऊ झेंडू-शेवंती काढतात, आणि अमरावतीत हारांचं दुकान माझं. त्यामुळं आमच्या पूजेत तलवार-बिलवार काही नाही. विळा, खुरपं, फवारणीचा पंप, घरातली जुनी कात्री, हार ओवायच्या लांब सुया. एकदा हत्यार पाटावर मांडलं, त्याला हळदकुंकू लागलं, की त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्यालाही निजू द्यावं, असं माय म्हणते. दुकानातली कात्री तेवढी यातून सुटते, कारण नवमीला मी हात जोडून बसलो तर दसऱ्याचे हार कोण करणार?

त्या दिवशी माय गावाहून झेंडूची पोती घेऊन जीपनं आली. पोती दुकानात टाकली आणि घरी जाऊन पूजा मांडते म्हणाली. मी दुकानातच होतो. अंबादेवीकडे जाणारी गर्दी सकाळपासून तुटली नव्हती. दुपारी दोन घास खायला घरी आलो, तर पाटावर सगळी हत्यारं ओळीनं झोपलेली, आणि टेबलावरचा माझा कॉम्प्युटर काळाठिक्कर. मॉनिटरला हळदीकुंकवाची बोटं, कीबोर्डवर अक्षता, आणि वरून झेंडूचा हार, तोही माझ्याच हातचा.

"माय, हा बंद कोणी केला?"

"म्या केला. भिंतीवरचं बटन दाबलं. सकाळपासून एकटाच घुरघुर करून राहिला होता बापा. म्हटलं आजच्या दिवस तरी निजू द्या त्याले."

"अवं, त्याच्यात काम चालू होतं!"

"नवमीले कायचं काम? तुही पोट्टी शिकली त्याच्यावर. मंग थे हत्यार नाही तं काय?"

मी हात धुतले आणि जेवायला बसलो. मायवर चिडता येत नाही, म्हणून भाकरीवर चिडलो.

कॉम्प्युटरमध्ये एक गेम उतरत होता. आदल्या संध्याकाळी लावून ठेवलेला. आमच्या गल्लीतलं इंटरनेट मनात येईल तेव्हा चालतं, पण सकाळी मी निघालो तेव्हा ती हिरवी पट्टी जवळजवळ शेवटाला टेकली होती. संध्याकाळी घरी येईन तर गेम बसलेला असेल, मग अकोल्याला लेकीला फोन करीन, हे मी सकाळपासून हार ओवता ओवता मनात घोळवत होतो. काय बोलायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

लेक अकोल्याला असते, आईजवळ, आजोळी. आमचं नवरा-बायकोचं पटलं नाही. कोर्टकचेरी झाली, कागद झाले, आता भांडायलाही काही उरलं नाही. अमरावतीहून अकोला काही दूर नाही, मध्ये मूर्तिजापूरला चहा घेतला तरी सकाळी निघालेला माणूस जेवायच्या आत पोचतो. पहिल्या वर्षी पोट्टी महिन्यातून एकदा यायची. मग ट्यूशन सुरू झाली, मग चित्रकलेची परीक्षा आली, मग तिच्या मैत्रिणींचे वाढदिवस नेमके रविवारीच यायला लागले. मी काही म्हटलं नाही. आठवीतल्या पोरीला बापाच्या दोन खोल्यांत काय करमणार? खिडकी उघडली तर समोर शेजाऱ्याची भिंत.

उरले फोन. पण ते फोन म्हणजे नुसती हजेरी. शाळा झाली का? झाली. अभ्यास? चालू आहे. आई बरी आहे? हो. संपलं. दुकानात दिवसभर माझी जीभ चालते. बाया भाव पाडायला लागल्या की मी एकेकीला पुरून उरतो. पण पोरीशी बोलायची वेळ आली की मूग गिळून बसतो. "ठेवू?" ती विचारायची. "ठेव," मी म्हणायचो. आणि फोन ठेवला की स्वतःचाच असा राग यायचा की घासता घासता पातेल्याला पोचा पडायचा.

आणि नवरात्र बसायच्या आधी तिचा फोन आला. तिचा! स्वतःहून!

"बाबा, आपला कॉम्प्युटर चालते का अजून?"

"चालतो म्हणजे? पळतो."

"मंग त्याच्यात एक गेम टाक न. आमी मैत्रिणी खेळतो सगळ्या. दिवाळीच्या सुट्ट्यांत गेममदी तू पण ये. चौघांची टीम लागते आणि आमी तिघीच आहो."

कॉम्प्युटर तिच्यासाठीच घेतलेला. कोरोनात शाळा घरात येऊन बसली तेव्हाचा. अकोल्याला जाताना तिनं तो मागितला नाही, तिकडं मामाचा लॅपटॉप होता. मीही ने म्हटलं नाही. मी त्यावर कधीमधी लग्नाच्या हारांची चित्रं पाहायचो, एवढंच. आता त्याच्यात गेम टाकायचा. मला गेम म्हणजे काय ते कळत नाही, पण "तू पण ये" हे कळलं. वर्षभरात पोरीनं माझ्याकडं काहीच मागितलं नव्हतं. आता मागितलं होतं, आणि दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत ते झालंच पाहिजे होतं. नाही झालं तर चौथी कोणीतरी दुसरी येईल, आणि एकदा कामी न आलेल्या बापाला पुन्हा कोण कशाला विचारेल? हे मला अगदी लख्ख दिसत होतं. पण हळदकुंकू लागलेलं, त्या दिवशी हात लावायची सोय नव्हती, मी तसाच दुकानात परतलो.

दसऱ्याला सोनं वाटून, दुकान झाडून, मायला जीपमध्ये बसवून घरी आलो. मॉनिटरची हळद पुसली, कॉम्प्युटर उठवला. गेम कुठंच नाही! पट्टी नाही, चित्र नाही, नाव नाही. पुन्हा पहिल्यापासून लावला, तर अर्ध्यात जाऊन अडला आणि इंग्रजीत काहीतरी लिहून आलं. मला आला राग. बंद केला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग बटनं बडवत सुटलो. शेवटी डिस्क उघडून पाहिली तर तिची पट्टी टोकापर्यंत लालभडक. काढून टाकायला जावं तर बसवलेल्या गेमच्या यादीत त्याचा पत्ता नाही. पाहुणा दिसत नाही, पण डब्यातलं पीठ मात्र संपलेलं, अशी ती तऱ्हा.

लेकीला सांगायचा धीर होईना. दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी तिचाच मेसेज आला, "झालं का?" मग फोन केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, आजीच्या पूजेसकट. वाटलं, आता म्हणेल, राहू दे बाबा.

ती हसायला लागली. "आजीनं कीबोर्डवर अक्षता टाकल्या?"

"वरून हारही घातला."

"ओ माय!" तिचं हसणं काही थांबेना. शेवटचं असं हसताना तिला कधी ऐकलं होतं, मला आठवेना. मग म्हणाली, "थांब. काय लिहून आलं ते वाच."

"फोटो पाठवू का?"

"नको. फोटोत नीट दिसत नाही. तू वाच."

मी वाचलं. माझं इंग्रजी म्हणजे रस्त्यातल्या गतिरोधकांवरून लुना नेल्यासारखं. ती एकेक शब्द पुन्हा म्हणायला लावायची आणि मध्येच फिस्सकन हसायची. "म्हणजे डिस्क भरली बाबा. तू दरवेळी नव्यानं लावला, आणि आधीचा अर्धा माल तसाच पडून आहे त्याच्यात. आधी थे सगळं काढावं लागते."

"कसं काढू?"

"सांगते न. पण आता ट्यूशन आहे. उद्या कर, ट्यूशनच्या आधी."

तिच्या ट्यूशनच्या आधीची ती वेळ म्हणजे दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. सकाळची पूजेची गिऱ्हाइकी आटोपलेली, संध्याकाळची सुरू व्हायची. मी शटर अर्धं ओढायचो आणि चार घरं ओलांडून घरी यायचो. टेबलावर फोन स्पीकरवर ठेवायचा, आणि कॉम्प्युटरसमोर बसून मी वाचायचो, ती सांगायची.

आधी म्हणाली, फालतू असेल ते उडव. मी जुनी गाणी उडवली, हारांची चित्रं उडवली, कोण्या लग्नाचा सबंध व्हिडिओ होता तो उडवला. तरी पट्टी लालच. मी वैतागलो. "अगं, सगळं रिकामं केलं, आता काय मी जाऊन बसू त्याच्यात?"

"कचऱ्याचा डबा रिकामा केला?"

"कोणता डबा?"

"अरे बाबा! उडवलेलं सगळं डब्यात जाऊन बसते. डबा भरला म्हणजे घर साफ झालं का? डबा बाहेर नेऊन टाकायला नको?"

हे मला कळायला हवं होतं. निर्माल्य आम्ही कधी कचऱ्यात टाकत नाही, वेगळ्या टोपलीत ठेवतो, आणि मी ती टोपली तुडुंब भरली तरी घरात ठेवून विसरतो. तिची आई यावरूनच तर किती बोलायची. डबा रिकामा केला, तेव्हा कुठं पट्टी उलशी, नखाएवढी, मागं सरकली. गेमला लागते त्याच्या मानानं ती जागा म्हणजे काहीच नव्हती.

मग तिच्या शाळेचे व्हिडिओ सापडले. घरातल्या शाळेच्या दिवसांतले. मागं आमचा निळा पडदा, पुढं दोन वेण्या घातलेली ती, आणि ओरडून ओरडून पाढे म्हणते आहे.

"आई गं! थे काहून ठेवलं तू? उडव न बाबा, लाज वाटते मले."

"उडवतो."

"उडवलं?"

"उडवलं," मी म्हटलं, आणि आधी सगळे पेनड्राइव्हमध्ये काढून घेतले. ते उडवूनही काही विशेष फरक पडला नाही.

पुढं मग शोधाशोध सुरू झाली. मोठ्या फायली शोधायला लावायच्या, आणि कॉम्प्युटर शोधत बसायचा. बिचाऱ्याचा जीव आधीच कोंडलेला, एकेक शोध संपता संपत नाही. त्या वेळात करायचं काय? फोन तर चालू. असं मग बोलणं व्हायचं. कोणी ठरवलं नव्हतं. पट्टी पुढं सरकायची वाट पाहता पाहता ती एकदम म्हणाली की तिच्या शेजारी बसायची ती पोरगी आता दुसरीकडं बसते आणि तिच्याशी बोलत नाही.

"भांडण झालं?"

"नाही न. तेच तर. काही झालंच नाही."

मग मी तिला नवरदेवाच्या हाराची गोष्ट सांगितली. एका पार्टीनं नवरदेव न दाखवताच हार सांगितला, आणि नवरदेव असा आडवा निघाला की भर मांडवात हार त्याच्या कानांवर अडकून बसला. ती हसली. मग म्हणाली, "अजून सांग." माझ्या पोरीनं मला "अजून सांग" म्हटलं! त्या आधी तिनं हे कधी म्हटलं होतं ते सांगता येईल, तेव्हा तिला दात पडून नवे येत होते.

असंच एकदा शोध चालू असताना तिनं विचारलं, "बाबा, तुझ्याकडं पंखा तू मनात येईल तेव्हा लावतो न?"

"हो. का?"

"इथं विचारून लावावा लागते. मामी काही म्हणत नाही, मामी चांगली आहे. पण विचारलेलं बरं वाटते तिले."

"हे आईला सांगितलंस?"

"तिले काय सांगू? थे कामावरून थकून येते. आणि तिले पण विचारूनच लावावा लागते."

मी कॉम्प्युटरकडं पाहत बसलो. वर माझा पंखा फिरत होता, कोणाला न विचारता. मला इतकं वाईट वाटलं की "अजून शोधूनच राहिला आहे हा" एवढंच तोंडातून निघालं. ती म्हणाली, "राहू दे, शोधू दे."

दुकानाच्या शेजारी फोटोफ्रेमवाला आहे. रोज शटर अर्धं दिसतं म्हणून त्यानं विचारलं, तर त्याला सांगितलं. "भाऊ, कायले डोकं लावून राहिले?" तो म्हणाला. "फॉरमॅट मारून घ्या. चौकातला कॉम्प्युटरवाला घंटाभरात कोरा करून देते."

"कोरा नाही करायचा."

"मंग बसा झाडत."

मी त्याला नाही म्हटलं, कारण त्यात पोरीच्या हातच्या गोष्टी होत्या, तिनं लिहिलेले धडे, रंगवलेली चित्रं. आणि मला त्या फोनची चटक लागली होती, हे खरं. दुपार झाली की हात भराभर चालायचे, गिऱ्हाईक रेंगाळलं की डोकं फिरायचं. पण जीवाला घोर होता तो वेगळाच. आकाशकंदिलांची दुकानं लागली होती. सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या आणि पट्टी लालच होती. एकदा मी विचारलं, "तुमची चौथी मिळाली का कोणी?" तर म्हणाली, "एक जण येते म्हणते." मला ते झोंबलं. म्हटलं, "थोडे दिवस थांबा न. मी करतो."

त्याच सुमारास तिची चाचणी लागली, फोन बंद झाले. घरात पुन्हा तीच शांतता. आधी ती होतीच, पण आता कानाला सवय राहिली नव्हती. दुपारी शटर ओढून घरी यायची काही गरज नव्हती, तरी मी यायचो आणि कॉम्प्युटरसमोर बसायचो. एकदा असाच चिडून बसलो होतो. म्हटलं, बापा, आज तू नाही तर मी नाही. तिनं शिकवलं होतं तसं एकेका फोल्डरवर जाऊन तो किती जागा खातो ते पाहत गेलो. सगळे पाहून झाले. सगळ्यांचं मिळून डिस्कच्या अर्धंही होईना, आणि डिस्क तर गच्च. म्हणजे बाकीचं आहे कुठं? दिसत नाही म्हणजे लपलं आहे. लपलेल्या फोल्डरांची एक खूण असते, असं ती पहिल्यापहिल्यांदा म्हणाली होती, पण ते नंतर पाहू म्हणाली आणि ते राहूनच गेलं होतं.

वर मेनूत शोधत गेलो. सापडली ती खूण. दाबली, आणि फिकट फिकट रंगाचे फोल्डर उगवले. त्यातला एक उघडला तर आत आमच्या गेमचा अर्धवट माल. एकदाचा नाही, मी रागानं जितक्या वेळा लावला होता तितक्या वेळचा, एकावर एक रचलेला. नवमीचा तर सगळ्यात मोठा. "अरे लेका!" मी म्हटलं. चुकून भलतंच उडालं तर? नावं पुन्हा पुन्हा वाचली, मोठ्यानं वाचली, जसं तिला वाचून दाखवायचो तसं. मग उडवलं आणि डबाही रिकामा केला. लाल पट्टी निळी झाली आणि निम्म्याच्या मागं जाऊन थांबली.

"अय शाब्बास!" मी असा ओरडलो की शेजारची बाई दारात येऊन पाहून गेली.

गेम नव्यानं लावला. भिंतीवरच्या बटनाला चिकटपट्टी मारली. माय गावी होती, तरी मारली. दुसऱ्या दिवशी रात्री दुकान बंद करून घरी आलो तर गेम बसलेला. उघडला, दणदणीत संगीत वाजलं, आणि पाठीवर पिशवी घेतलेला एक माणूस माळरानात उभा, माझी वाट पाहत. चाचणी त्याच दिवशी संपली होती. मी चप्पलही काढली नाही, फोन लावला.

"झालं!"

"काय झालं?"

"गेम बसला! अगं, थो लपलेला फोल्डर होता न, त्याच्यात होतं सगळं!" मी धडाधड सांगत सुटलो. कसं पाहत गेलो, कशी खूण सापडली, काय काय निघालं. "सुट्ट्यांच्या आत केलं का नाही? आता सांग, कधी यायचं मी?"

तिकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"तू एकट्यानंच काढलं शोधून?"

"एकट्यानं. कोणाची मदत नाही."

"बरं," ती म्हणाली.

"बरं काय? खुश नाही झाली?"

"झाली न." मग म्हणाली, "मंग आता तू ट्यूशनच्या आधी फोन नाही करणार?"

"आता कशाला? आता गेममध्ये रोज भेटू की. त्यात बोलतासुद्धा येतं म्हणे."

"गेममदी कोणी बोलत नाही बाबा. गेममदी पळा लागते नुसतं. इकडं ये, तिकडं जाय, मेला तू. एवढंच बोलते सगळे."

मी उभा होतो तो खुर्चीवर बसलो. काय बह्याड माणूस आहे मी! मला वाटत होतं, मी चौथा झालो नाही तर पोरगी हातची जाईल, आणि म्हणून इतके दिवस त्या पट्टीवर डोळा ठेवून बसलो होतो. ती मात्र तिकडून रोज फोन उचलत होती ते कशासाठी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रडू आलं. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी घसा खाकरला.

"करीन न फोन," मी म्हटलं. "रोज करीन."

"काय बोलशील?"

खरंच, काय बोलणार होतो? तेवढ्यात तिकडं मामीनं जेवायला हाक मारली. "आली," ती ओरडली.

"जाय बेटा, जेवून घे. ठेवतो मी."

"नको ठेवू!" ती घाईनं म्हणाली. "कट नको करू. मी जेवून येते. तू राहाय तसाच."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग तिची पावलं लांब गेली. मी आधी गेमचा आवाज बंद केला, मग फोन कानाशी धरला. ताटं मांडली जात होती. टीव्हीवर बातम्या होत्या. मामानं पाणी मागितलं. कोणीतरी पातोडीची भाजी तिखट झाली म्हणालं आणि सगळे हसले. त्यात एक आवाज, "कांदा घे न गं," असा आला. तो तिच्या आईचा होता. कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. चोरून ऐकतो आहे अशी लाज वाटली. ठेवून द्यावा असंही वाटलं. पण ठेवला नाही. ते अख्खं घर माझ्या कानाशी जेवत होतं, माझी पोरगी त्यात होती, आणि मी तिथं कुठंच नव्हतो. माझ्या घरात फक्त पंख्याचा आवाज होता. तो तिकडं जाऊ नये म्हणून मी उठून पंखासुद्धा बंद केला आणि घामानं निथळत बसून राहिलो. खोकलोही नाही.

ताटं उचलल्याचे आवाज आले. मग पावलं, दार लोटल्याचा आवाज, आणि कोणीतरी फोन घाईघाईनं उचलला.

"बाबा? आहे का तू?"

"आहो न."

"मले वाटलं ठेवून देशील तू," ती म्हणाली.

"नाही ठेवला, बेटा," मी म्हटलं.